भजनी मंडळाचा सहावा अल्बम

बँडचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की लोक मोबाईलवर दोन गाणी अर्धी-अर्धी ऐकतात आणि विचारतात, "बाई, यात आहे काय एवढं?" चार जणांचा रॉक बँड, पस्तीस वर्षं वाजवतायत. गाणारा साठीच्या पुढे गेलाय. मी महाडच्या शाळेत गणित शिकवते, पन्नाशी उलटलीय आणि मला त्यांचं वेड आहे. झालं. यावर कुणाला काही म्हणायचं असेल तर त्यांनी आपापल्या घरी म्हणावं.

आम्ही तिघी दर शनिवारी दुपारी बाजारपेठेतल्या एका शिवणाच्या दुकानात, माडीवर जमायचो. दुकान माझ्या मैत्रिणीचं. ब्लाउज शिवता शिवता ती हाच बँड लावायची. तिसरी पोलादपूरच्या वरच्या अंगाची, शेतकरी घरातली. नवरा मुंबईला नोकरीला, घरात सासू आणि दीर. लग्नाआधी ती मुंबईत चाळीत वाढली, शेजारच्या पोरांच्या कॅसेटी भिंतीआडून ऐकत. एकदा ब्लाउजचं माप द्यायला आली, गाणं ऐकून थबकली आणि म्हणाली, "ह्यांचा पयला ड्रमवाला बरा व्हता. हा नुसता धावतो." मी उठून तिला खुर्ची दिली.

मग काय, भांडणंच भांडणं! दुकानवालीचं म्हणणं, तिसऱ्या अल्बमनंतर बँड संपला. माझं म्हणणं, चौथ्यात गाणारा ओरडायचा थांबला आणि गायला लागला. आणि पोलादपूरवालीचा जीव सहाव्यावर. सहावा म्हणजे तो, ज्याला जगभरचे चाहते नाकं मुरडतात. गिटार बाजूला आणि सगळा कीबोर्डचा मामला.

"अगं, त्यात आहे काय?" मी म्हणायचे.

"बाई, त्यात ते घाबरलेले हायत आनि तरी वाजवतायत. तुमच्या चौथ्यात नुसते हुशार हायत."

त्या वाक्याचा मला अजून राग आहे.

घरी काय सांगायचं, हा प्रश्न होताच. भजनी मंडळाची कल्पना माझी. शनिवारी तिघी बायका कुठे जातात, तर भजनाच्या सरावाला. कोण हरकत घेणार? पोलादपूरवालीची सासू तर देवाचं काम म्हणून तिला स्वतः एसटीत बसवून द्यायची. बाकी सहा दिवस गोठा, चूल आणि शेत. तिच्या वाट्याला मोकळी अशी ती एकच दुपार. दोन वर्षं सगळं बिनबोभाट चाललं.

आणि बँड येणार असं जाहीर झालं. नवी मुंबईत, मैदानावर, शनिवारी संध्याकाळी. दुकानवालीच्या मुलीनं तिकिटं काढली. आम्ही माडीवर अशा नाचलो की खालचा भांडीवाला काय पडलं ते बघायला वर आला.

आठ दिवसांनी आमचे हे जेवताना म्हणाले, "तुमचं भजन ठरवून आलोय. दत्तजयंतीला, आपल्या गल्लीतल्या देवळात. मी शब्द दिलाय."

दत्तजयंती शनिवारी होती. तोच शनिवार.

"मला न विचारता?"

"दोन वर्षं सराव करताय, तासभर गायला काय जातंय?"

पुढच्या शनिवारी मी माडीवर तोडगा मांडला. आपल्याला त्याच दिवशी पनवेलला भजनस्पर्धेला बोलावलंय, असं सांगायचं. घरचे खूश होतील वर. दुकानवाली हसत सुटली. पोलादपूरवाली हसली नाही.

"मला कंटाळा आला खोट्याचा," ती म्हणाली. "आपन काय चोरी करतो? मी घरी खरं सांगनार."

"अगं बाई, तुझा शनिवार जाईल!"

"जाऊ दे. बसते हितं, पन अर्धा जीव दारात असतो. कोन बघेल, कोन सांगेल. धड आयकायला पन होत नाय."

मी तिला खूप समजावलं. खरं तर मी माझीच काळजी करत होते. तिनं तोंड उघडलं की माझंही बिंग फुटणार होतं. वर्गात पोरांना "चुकलं तर चुकू दे, पण स्वतःचं उत्तर लिहा" म्हणून दटावणारी मी, आणि इथे माझीच पाचावर धारण बसली होती. मला माझी लाज वाटली.

तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. दीर भडकला. सासूनं बोलणं टाकलं. निकाल लागला, महाडला जाणं बंद. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बंद तर बंद. पन त्या एका शनवारी जानार. माझं तिकीट काढलंय."

फोनवर तिच्याकडून हे ऐकलं आणि मीही यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"रॉक? या वयात?" हे म्हणाले.

"या वयात. वाजवणारे माझ्याहून म्हातारे आहेत. आणि देवळात नाही म्हणून तुम्हीच सांगून या, शब्द तुम्ही दिला होतात."

गेले बिचारे, तोंड वाकडं करत.

कॉन्सर्टमध्ये गाणाऱ्याचा आवाज वर गेला की फाटत होता. त्यानं लपवलं नाही, फाटू दिला. सहाव्यातलं एकच गाणं झालं आणि ते सुरू होताच आजूबाजूची पोरं पाणी प्यायला पांगली. ही मात्र पदर खोचून शब्द न् शब्द म्हणत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाई गं, मला ते गाणं तिथे पहिल्यांदा आवडलं.

त्यानंतरच्या शनिवारी ती आली नाही. येणार नव्हतीच. आम्ही दोघींनी चौथा लावला. नावं ठेवायला कुणी नाही. दहा मिनिटांत मी तो बंद केला. डोक्यात तिडीक गेली होती.

"ऊठ," मी दुकानवालीला म्हटलं, "स्पीकर पिशवीत घाल. तिला यायची बंदी आहे, आपल्याला जायची नाही."

पोलादपूरपर्यंत एसटी आणि पुढे घाटातून जीप. पोचलो तेव्हा सासू अंगणात नाचणी पाखडत होती आणि दीर पडवीत बसला होता. मी दुकानवालीच्या मागे उभी राहिले, उगाच शूरपणा कशाला सांगू?

"बाई, तुमी शिकलेल्या," दीर म्हणाला. "आता हितं पन भजन काय?"

"भजन नाही. आम्ही तिच्याबरोबर बँड ऐकायला आलोय."

ती गोठ्यातून बाहेर आली. आम्हाला बघितलं, हात धुतले, पदराला पुसले आणि सरळ येऊन अंगणात बसली.

"कुठला लावताय?"

"तू सांग."

"सहावा."

लावला. सासूचं सूप थांबलं. "ह्याच्यापायी खोटं बोललीस व्हय गो?"

"व्हय आत्या. खोटं बोलले ते चुकलं. आयकलं ते चुकलं नाय."

सासू पुन्हा नाचणी पाखडायला लागली. दीर मात्र उठला आणि पडवीच्या कडेपर्यंत आला.

"वयनी, आवाज कमी कर. सगळा गाव आयकतोय."

तिनं स्पीकर उचलून मांडीवर घेतला आणि आवाज वाढवला.