मालक घाबरला तेव्हा

हैतीमधल्या गुलामांनी उसाचे मळे जाळले, मालकांना मारलं, हे मी अमरावतीच्या कॉलेजात शिकवत होते. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हे ऐकून बाकीच्या देशांतले मालक सुधरले असतीन ना?"

मी म्हटलं, "नाही. ते घाबरले. बहुतेक ठिकाणी पहारे आणि फटके वाढले."

हे मला पुस्तकाआधी घरी कळलं होतं. माझे वडील बाळापूरजवळ एका शेतमालकाकडे सालदार, म्हणजे वर्षभराच्या बोलीवरचे गडी होते. शेजारच्या गावात गड्यांनी मालकाला खळ्यात तुडवल्याची बातमी आली. आमच्या मालकानं तोवर कधी हात उचलला नव्हता. दुसऱ्या दिवशी वडील जरा उशिरा पोचले, तर त्यानं बैल हाकायच्या काठीनं त्यांचं डोकं फोडलं. "तुमीबी तसंच ठरवून राहिले का?" असं ओरडत तो मागं मागं सरकत होता.

रक्तानं भिजलेला सदरा घेऊन आई ठाण्यात गेली आणि तक्रार लिहून घेतल्याशिवाय उठली नाही. त्याच आठवड्यात आम्ही गाव सोडलं. वडिलांनी बडनेऱ्यात हमाली धरली. त्या मालकाला ते शेवटपर्यंत भित्राच म्हणायचे.