मधलं नाव

जामसंड्याच्या वाचनालयात मथुरा झाडलोट करायची. १९६३ साली कादंबरीकार दिगंबर खोत मुंबईहून वाचकांना भेटायला आले, तेव्हा सतरंजी अंथरून ती दाराशीच बसून राहिली. देवाला वाहिलेल्या एका भाविणीवर जीव लावणाऱ्या गावच्या जमीनदार खोताची त्यांची कादंबरी तिने दोनदा वाचली होती. चौथी शिकली होती ती, काही फुकट नाही! भावीण म्हणजे तिची आई काशीबाई आणि तो खोत म्हणजे लेखकाचे वडील आबाजी, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. बोलायला मात्र कुणाची जीभ रेटत नव्हती.

वाचक प्रेमावर बोलले, कुळावर बोलले. “शेवटी ती समुद्रात जीव देते, तिथे मला रडूच आलं,” मास्तर म्हणाले.

“माझ्या आवशीन जीव नाय दिल्यान,” मथुरा म्हणाली. “तीस वर्सां देवळात दिवो लायल्यान. गेल्या वर्सा खोकून मेली.”

“गप बस गो!” कुणीतरी खेकसलं.

ती उठली आणि तिने आपलं पुस्तक सहीसाठी लेखकापुढे धरलं.

“नाव?” खोतांनी हळूच विचारलं.

“मथुरा.”

“पूर्ण?”

“मधला नाव तुमका ठावक आसा, खोतानू. बापाशीचा घालतत ना? घाला.”

पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं. शाईचा ठिपका पसरत गेला. प्रेमावर तीनशे पानं लिहिणाऱ्या माणसाने ‘मथुरा हिस’ एवढंच लिहिलं, खाली तारीख घातली.

शाई वाळेपर्यंत तिने पुस्तक उघडं धरलं. मग माणसं उठायची वाट न बघता ती सतरंजी गुंडाळायला लागली.