दुसऱ्या ब्रेकवरचा पाय

मास्तरांनी बावीस वर्षांत अर्ध्या गावाला गाडी चालवायला शिकवली, आणि उरलेल्या अर्ध्या गावाला जीव मुठीत धरून चालायला शिकवलं, असं त्यांची बायको म्हणायची. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी चारचौघींसारखीच होती. फक्त मास्तरांच्या सीटपुढे पायाशी एक जादा ब्रेक. शिकणारा चुकला की मास्तरांचा उजवा पाय आपोआप खाली जायचा. ही सवय इतकी अंगात मुरली होती की घरी टीव्हीवर एखादी गाडी जोरात वळली तरी ते सोफ्यावर बसून फरशी दाबायचे.

अशा माणसावर दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला भरला गेला. आणि चालवत होतं दुसरंच कुणी!

झालं असं, की मास्तरांच्या मेकॅनिक मित्राने गॅरेज बंद केलं. त्या आनंदात की दुःखात, कोण जाणे, पण भरदुपारी जेवणाबरोबर बिअर निघाली. दोन ग्लास मास्तरांनी घेतले आणि तिसरा मित्राने आग्रहाने घ्यायला लावला. तीन वाजता दवाखान्यातल्या नर्सबाईंचा क्लास होता. "मी कुठे चालवणार आहे? चालवणार त्या," असं म्हणत मास्तर खुशाल आपल्या सीटवर जाऊन बसले.

नर्सबाईंचा तो नववा दिवस. बाजाराच्या चौकात एक सायकलवाला आडवा आला, बाई गांगरल्या आणि त्यांनी ब्रेकऐवजी क्लच दाबला. मास्तरांचा पाय खाली गेला, पण नेहमीपेक्षा किंचित उशिरा. सायकलवाल्याने उडी मारली म्हणून तो वाचला. सायकलचं मागचं चाक मात्र चेपलं. चौकातला हवालदार धावत आला आणि त्याला वास आला. तोही मास्तरांचाच विद्यार्थी. "मास्तर, जरा यात फुंकता का?" यंत्र पुढे करताना बिचाऱ्याला वर बघवेना.

तिथल्या कायद्याने शिकाऊ माणसाशेजारी बसलेला शिक्षक हाही चालकच धरला जायचा. मास्तर दोषी ठरले असते तर त्यांचं शिकवायचं लायसन्स कायमचं जाऊ शकलं असतं. आणि शिकवण्याखेरीज मास्तरांना दुसरं काही म्हणता काही येत नव्हतं. दोन रात्री त्यांना झोप आली नाही.

तिसऱ्या दिवशी बायकोने चहाचा कप समोर आदळला. "अहो, तोंड पाडून बसण्यापेक्षा वकील बघा की एखादा."

"गावात वकील तीन. तिघंही माझ्याकडेच शिकलेत. ओळखीत कुणाला धरायचं आणि कुणाला सोडायचं?"

"मग सोपंच झालं. तुमची ती वही काढा."

मास्तरांची वही म्हणजे गावाची कुंडलीच. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे त्यांनी एका ओळीत शेरा लिहून ठेवला होता. माणूस बोलतो एक आणि करतो दुसरं, पण स्टिअरिंगमागे बसला की लपून राहत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. बायकोने चष्मा चढवला आणि वाचायला सुरुवात केली.

"मोठे वकील. 'ओव्हरटेक झकास. वळताना सिग्नल देत नाही, दिला तर उलट्या बाजूचा.' हं. दुसरे, टकलू वकील. 'सांगेल त्याला हो म्हणतो. हो म्हणत म्हणत खांबाला धडकला.'" ती खुदकन हसली. "आणि ही वकीलबाई. 'परीक्षेत चार वेळा नापास. चूक झाली की विचारायच्या आत स्वतःच सांगते.' चार वेळा! हिच्याकडे तर मुळीच जाऊ नका."

मास्तर आधी मोठ्या वकिलांकडे गेले. एसी ऑफिस, काचेचं टेबल. मोठ्या वकिलांनी सगळं ऐकलं आणि टेबलावर थाप मारली. "मास्तर, घरी जाऊन निवांत झोपा! तुम्ही चालक नव्हतातच. स्टिअरिंग कुणाच्या हातात? बाईंच्या. क्लच कुणी दाबला? बाईंनी. तुम्ही साधे प्रवासी. कायद्याला काय म्हणायचं ते म्हणू दे, तुम्ही ब्रेकला पाय लावलाच नाही एवढंच सांगा. पुढचं माझ्यावर सोडा."

मास्तर हवेत तरंगतच बाहेर पडले. टकलू वकिलांकडेही डोकावले. ते "हो हो, सुटाल, नक्की सुटाल" म्हणाले आणि खटला कशाचा आहे ते सगळ्यात शेवटी विचारलं. मास्तर मोठ्या वकिलांना होकार कळवायलाच निघाले होते. वाटेत वकीलबाईची गाडी दिसली. निम्मी रस्त्यावर, निम्मी फुटपाथवर, तिरकी उभी. मास्तरांना राहवेना. तिला चार शब्द सुनवायलाच ते झेरॉक्सच्या दुकानावरचा जिना चढून गेले.

"गाडी कशी लावली आहेस... आहात?" शिष्येला तू म्हणावं की वकिलाला तुम्ही, हे त्यांना कळेना.

"वाकडी लागलीय, मास्तर. माझंच चुकलं. आणि तूच म्हणा. बसा." तिने फायलींचा ढीग खुर्चीवरून उचलला. सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "ब्रेक कुणी दाबला?"

मास्तर तिच्या टेबलावरचे कागद सरळ करू लागले.

"मास्तर?"

"मीच."

"वेळेवर?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता, त्यांनी स्वतःलाही नाही. "नाही. उशिरा. तीन ग्लास घेतले होते. न घेता बसलो असतो तर त्या सायकलला धक्काही लागला नसता."

वकीलबाईने त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. "तुम्ही प्रवासी होतात असं सांगितलं, तर कदाचित सुटाल. पण मग गाडीत चालक उरतात एकट्या नर्सबाई. नवव्या दिवशी एकट्या. सगळं त्यांच्यावर येईल."

मोठ्या वकिलांच्या एसीत हे मास्तरांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. "तूच लढ," ते म्हणाले. "आणि आधी ती गाडी सरळ कर."

"चार वेळा नापास झालेली!" बायकोने कपाळावर हात मारला. पण कोर्टाच्या दिवशी शर्टाला इस्त्री तिनेच करून दिली.

कोर्टात वकीलबाईने काही लपवलं नाही. बावीस वर्षांत एकाही माणसाला ओरखडा नाही, सायकलला नवं चाक दुसऱ्याच दिवशी दिलं, आणि अशील गुन्हा कबूल करतो आहे, एवढंच ती म्हणाली. न्यायाधीशांनी मास्तरांना विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

मास्तर उभे राहिले. "साहेब, नर्सबाईंची काही चूक नाही. नवव्या दिवशी क्लच आणि ब्रेकची गल्लत व्हायचीच. ती सावरायला मी शेजारी बसतो. त्या दिवशी मी नुसताच बसलो होतो."

न्यायाधीशांनी कागद चाळले. मग निकाल दिला: दंड, आणि सहा महिने शिकवणं बंद. लायसन्स वाचलं. मास्तरांनी वकीलबाईचे दोन्ही हात धरले.

बाहेर व्हरांड्यात नर्सबाई डोळे पुसत उभ्या होत्या. "मास्तर, मग माझा दहावा दिवस कधी?"

"सहा महिन्यांनी, सकाळी सातला," मास्तर म्हणाले. "उशीर करू नका."

वकीलबाईने त्यांना घरी सोडलं. वाटेत गाडी दोनदा बंद पडली आणि तिच्या गाडीत दुसरा ब्रेक नसल्याने मास्तरांनी सबंध रस्ताभर पायपुसणं दाबलं.

घरी आल्यावर त्यांनी वही उघडली. शेवटच्या पानावर स्वतःचं नाव घातलं आणि नेहमीच्या टोकदार अक्षरात शेरा लिहिला, 'ब्रेक उशिरा. नापास.' वही मिटून फडताळात ठेवली आणि ढाराढूर झोपले.

सकाळी त्यांनी ती पुन्हा काढून बघितली. खाली बायकोच्या गोल अक्षरात आणखी एक ओळ होती. 'चूक झाली की स्वतःच सांगतो. पुढच्या खेपेला पास होईल.'