मला कसलाही त्रास झाला नाही

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या प्रचार मंडळाच्या बैठकीत नाही, आईला नाही, आणि ज्या डॉक्टरांनी मला वाचवलं त्यांना तर नाहीच. दुसऱ्यांचा खोटेपणा चव्हाट्यावर मांडणं हे माझं काम. गंडेदोरे बांधणाऱ्यांची, अंगारा विकणाऱ्यांची मी उस्मानाबादपासून कळंबपर्यंत बाजाराबाजारात सालटी काढली. हस्तपत्रकं लिहिली, भोंग्यातून घसा फोडला. आता पाळी माझी. मित्र समजून तुला सांगतोय – अडखळेन, पण थांबणार नाही.

मला क्षय झाला होता. ते मी लपवलं नाही. उलट तेच माझं भांडवल होतं. सभेत बाही वर सारून दंडावरच्या सुयांच्या जागा दाखवायचो आणि विचारायचो, बघा, मेलो का मी?

पण सुईबरोबर ‘पास’ नावाची भुकटी असायची. पाण्यात कालवून दिवसातून कितीदा तरी घ्यायची, महिनोन् महिने. ती काय चीज आहे ते घेणाऱ्यालाच कळतं. तोंडाला चव नाही, भाकरी समोर आली की मळमळ, आणि पोट – पोट नुसतं पाण्यासारखं वाहायचं. एकदा कळंबच्या एस.टी.तून येडशीच्या अलीकडं दोनदा उतरावं लागलं. दुसऱ्यांदा उतरलो तेव्हा कंडक्टर दारातून ओरडला, “अवो पुढारी, झाडाखाली सभा हाय व्हय तुमची? थांबू का जाऊ?” सगळी गाडी हसली. मीही हसलो. आणि त्याच दिवशी बाजारात उभा राहून छाती पुढं काढून म्हणालो – मला या औषधाचा कसलाही त्रास झाला नाही. एक दिवससुद्धा नाही!

का म्हणालो? लोक घाबरून औषध सोडतील म्हणून – असं मी स्वतःला सांगायचो. पण त्या वाक्याला टाळ्या पडायच्या, हेही लिहून टाकतो. टमरेल घेऊन धावणाऱ्या पुढाऱ्याला कोण टाळ्या देतो?

आणि मी निभावलो कसा, ते तर मी सांगितलंच नाही. डॉक्टरांनी मला नीट बसवून समजावलं होतं. भुकटी रिकाम्या पोटी नको, जेवणावर घ्यायची. पोट सुटलं तर भाताची पेज, मीठ घालून ताक, पण उपाशी राहायचं नाही. फारच झालं तर दवाखान्यात येऊन सांगायचं. ते मात्रा उतरवत आणि मग हळूहळू चढवत. चक्कर आली, कानात आवाज होऊ लागला, तरी सांगायचं – तो सुईचा परिणाम. मी सगळं पाळलं. हे पत्रकात घाल, असंही ते म्हणाले होते. मी नाही घातलं. मला वाटलं, घाबरवणारा मजकूर. चळवळीत असं लिहायचं नसतं.

आता जैनबभाभींचं नाव घ्यायला हवं. इतका वेळ मी तेच टाळतोय, तुझ्या ध्यानात आलं असेल.

तेरला करीमभाई म्हणून शिंपी आहेत, त्यांच्या त्या घरवाली. खोकल्यावर फुंकून घेत होत्या. मीच जाऊन भांडलो, मीच दोघांना दवाखान्यात नेलं, मीच औषध सुरू करवलं. थोड्याच दिवसांत मी त्यांच्या दारी गेलो तेव्हा त्या पडद्याआडून हळूच म्हणाल्या, “भैया, खरं बोला. तुमचं पोट कधीच बिघडलं न्हाय?”

एवढा एकच प्रश्न. एका शब्दाचं उत्तर. मी काय म्हणालो? “भाभी, तो मनाचा खेळ असतो. घट्ट व्हा.”

“मग माझंच कायतरी चुकतंय,” त्या म्हणाल्या.

पुढच्या सभेत मी त्यांचं नाव घेतलं – तेरच्या जैनबभाभींकडे बघा, बाईमाणूस असून कुरकुर नाही! गावभर झालं. आता त्या तक्रार करणार कुणाकडं? मी विचारलं की म्हणायच्या, ठीक आहे. मला तेच ऐकायचं होतं.

मला तर रस्त्यातलं कुठलंही झाड चालत होतं. तेरच्या बायांना तेरणा नदीकडं जायचं ते उजाडायच्या आत, नाहीतर अंधार पडल्यावर. भरदिवसा पोट सुटलं तर बाईनं जायचं कुठं? भाभींनी त्यावर तोड काढली. दिवसा जेवणंच सोडलं. पोटात काही नसलं की बाहेर जावं लागणार नाही, असा हिशोब. भुकटी तेवढी नेमानं घेत राहिल्या – रिकाम्या पोटी. व्हायचं तेच झालं, पोट आणखी बिघडलं. अंगातली ताकद गेली तशी एके दिवशी भुकटीही सोडली. पुड्या चुलीत टाकत होत्या. मला कळू दिलं नाही – माझी मान खाली जाऊ नये म्हणून.

खोकल्यातून रक्त पडू लागलं तेव्हा त्यांना उस्मानाबादला हलवलं. फार उशीर झाला होता.

हे सगळं मला करीमभाईंनी सांगितलं, भाभींच्या मातीहून परतताना. सांगितलं आणि माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, “भैया, तुम्ही लई केलं आमच्यासाठी. तिचंच पोट कच्चं. शेवटपर्यंत तेच म्हणायची, त्यांना कायबी झालं न्हाय, माझंच नशीब.”

आणि मी – मी ‘हो’ म्हणून मान हलवली.

खोटं बोललो त्यापेक्षा ते मान हलवणं जास्त सलतं. भाभी गेल्या होत्या, सभा संपली होती, टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. तरी मान हलवली. अंगारा विकणारा बाबा निदान हातात राख तरी देतो. मी काय दिलं?

काम मी सोडलेलं नाही. सोडणारही नाही, क्षय माझ्या रडण्यानं थांबत नसतो. पण आता कुणाच्याही दारी गेलो की आधी पोटाचं विचारतो, आणि बाईला विचारायचं असेल तर मंडळातली बाईच आत जाते. नव्या पत्रकाची पहिली ओळ अशी: या औषधानं पोट बिघडतं. माझं बिघडलं होतं. बिघडलं तर उपाशी राहू नका, औषध टाकू नका, लपवू नका – येऊन सांगा.

काहीजण म्हणतात, अशानं लोक बिथरतील. बिथरू देत. समजावू.

येत्या बाजारी मी तेरला जातोय. करीमभाई मशीन थांबवतील, चहा मागवतील. चहा यायच्या आत सांगायचं ठरवलंय. त्यांनी हाकलून दिलं तर उठून येईन. तुझ्याकडंही काही मागत नाही.

त्यांना सांगायचं ते एवढंच आहे: भाभींचं पोट कच्चं नव्हतं. त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी खोटं बोललो.