भाडेपावतीवरचा अंगठा

नोकरीतले खून-दरोडे आता हळूहळू पुसट होत चाललेत. पण भाडेपावत्यांची ती केस काही केल्या मनातून जात नाही. मी तेव्हा केळापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो.

सकाळची हजेरी चालू असताना एका खासगी कंपनीचा नवा मॅनेजर आला. कंपनीचं ऑफिस भाड्याच्या घरात होतं. करारावर मालकीण म्हणून एका म्हातारीचं नाव आणि दर महिन्याच्या पावतीवर तिचा अंगठा. करार नव्यानं करायचा म्हणून हा गडी झरी जामणीकडे तिच्या तांड्यावर गेला, तर लोकांनी सांगितलं, म्हातारी जाऊन आठ महिने झाले. पावत्या मात्र अजून येत होत्या. हे आपल्यावर शेकणार या भीतीनं त्याला घाम फुटला होता.

घर खरं तर म्हातारीच्या थोरल्या मुलाचं, आणि तो परदेशात स्थायिक झालेला. मालक परदेशात राहत असेल तर भाडेकरूनं भाड्यातून आधी कर कापून तो सरकारजमा करायचा असतो. तो कर वाचवायला थोरल्यानं करार आईच्या नावानं केला आणि आधीच्या मॅनेजरनं डोळेझाक केली. भाडं आईच्या खात्यात जाई. खात्याचं कार्ड धाकट्या भावाकडे, कारण आईला तोच सांभाळत होता. आई आहे तोवर भाडं तुमचं, पुढे मी घर विकीन, असं थोरल्यानं सांगून ठेवलं होतं.

हे कळल्यावर मला घातपाताचाच वास आला. पोलिसाचं डोकं तिकडेच धावतं. तांड्यावर चौकशी केली, तर तसं काही नव्हतं. म्हातारी लकव्यानं दोन वर्षं अंथरुणाला खिळली होती. सगळ्या तांड्यानं मिळून तिला अग्नी दिला होता. तांड्याचा नाईक, म्हणजे तिथला प्रमुख, मात्र थोरल्यावर चिडलेला होता.

"माय मेली तरी पोराले सुट्टी नाही भेटली म्हनते. असा कायचा पैसा, साहेब?"

सुट्टीची ही गोष्ट धाकट्यानंच पसरवली होती. दोन दिवस तो ताकास तूर लागू देईना. अंगठे आईचेच, आधीच घेऊन ठेवलेल्या कोऱ्या पावत्या होत्या, असं ठासून सांगत राहिला. मग ठसे तज्ज्ञाचा अहवाल आला. शेवटच्या आठ पावत्यांवरचा अंगठा दुसऱ्याच कुणाचा तरी होता. बाईमाणसाला ठाण्यात बोलवायचं नाही, म्हणून महिला शिपाई घेऊन मी त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या बायकोला फक्त अंगठ्याचं विचारलं.

"अंगठा माहाच आहे," ती म्हणाली. "अन् फोनवर बी मीच बोलतो."

लकव्यानंतर म्हातारीच्या तोंडून 'हां' एवढंच निघायचं. थोरला दर रविवारी फोन करी. तांड्यावर रेंज जेमतेम, व्हिडिओ कॉल लागत नसे, त्यामुळे चेहरा दिसत नसे. सासूच्या मरणानंतर ही सून दर रविवारी त्याच्याशी 'हां' म्हणत होती. मी बाईवर डाफरलो. पण तिच्या घरातला पिठाचा रिकामा डबा आणि दोन पोरी पाहून आवाज आपोआप खाली आला.

थोरल्याचा जबाब हवा होता. फोन लावला. पोलीस म्हणताच तो गडबडला.

"साहेब, टॅक्ससाठी मीच मायचं नाव लावलं. दंड काय असन तो भरतो. तिले ठाण्यात नका बोलावू, तिले उठता येत नाही."

मी त्याला खरं ते सांगितलं.

"मी दर इतवारी विचारत होतो, याडी, दुखते काय?" तो म्हणाला. "ते हां म्हने. मंग मले रातभर झोप नाही ये."

बंजारा घरात आईला याडी म्हणतात.

धाकट्यावर आणि त्याच्या बायकोवर फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाचा गुन्हा नोंदवला, दोषारोपपत्र दाखल केलं. करचुकवेगिरीची माहिती संबंधित खात्याला कळवली. त्याचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. या केसनं मला एक शिकवलं. आपण गुन्हा सिद्ध झाला की हात झटकतो, पण ज्याच्यावर तो घडला त्याचं तिथून पुढे सुरू होतं. त्या फोननंतर दोन आठवड्यांनी थोरला आला. ठाण्यात न येता सरळ तांड्यावर गेला. नाईकानं त्याला पाणीही विचारलं नाही. मला कळलं तेव्हा तो परतीच्या वाटेला लागला होता. आई गेल्याचं त्याला कुणी कळवलंच नव्हतं, हे तांड्यावर जाऊन चार शब्दांत सांगणं माझ्या हातात होतं आणि मी ते केलं नव्हतं.