वैशाखऱ्याच्या धोंडूबाईची हिऱ्यांची खाण

माळशेज घाट चढायच्या आधी शेवटचं जेवण धोंडूबाईकडे, असं नव्वदच्या सुमारास त्या रस्त्यावरचे ट्रकवाले एकमेकांना सांगत. मुरबाडकडून येताना वैशाखरे लागतं, तिथे रस्त्याला लागूनच तिची खानावळ होती. कुडाच्या भिंती, वर पत्रे, आत दोन बाकडी. तांदळाची भाकरी, सुकट नाहीतर वालाचं बिरडं, आणि मागाल तेवढा भात. नवरा गेल्यावर धोंडूबाई हरड हिने दिरांच्या दारात न जाता ही खानावळ उभी केली होती. बाई चौथी शिकलेली, अंगाने थोराड, बोलायला तुटक. पण व्यवहाराला इतकी सरळ की घाईत जास्त पैसे देऊन गेलेल्या ड्रायव्हरला परतीच्या खेपेला हात करून थांबवायची.

डोंगरातल्या ठाकरवाडीच्या बायका करवंदं, जांभळं, हिरडा घेऊन रस्त्याला विकायला बसत. त्यांचा तिच्यावर जीव होता. दिवस मावळायच्या आत वाडीवर परतताना आलेल्या पैशातले थोडे त्या धोंडूबाईकडे ठेवून जात. घरी नेले तर ते उरायचे नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. धोंडूबाई प्रत्येकीचे पैसे वेगळ्या चिंधीत बांधी आणि मागेल तेव्हा गाठ सोडून देई. कधी कुणाचा आणा इकडचा तिकडे झाला नाही.

चौऱ्याण्णव साली हनुमान भोईर तिथे येऊ लागला. मुरबाडच्या एका कारखान्यात तो कारकून होता आणि सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवरून शेअरचे फॉर्म विकत फिरायचा. तेव्हा शेअरचं खूळ गावोगाव पोचलं होतं. विंध्यमणी नावाच्या कंपनीची मध्य प्रदेशात हिऱ्यांची खाण होती. तिचे फॉर्म त्याने खानावळीतल्या बाकड्यावर पसरले. चिंधीतले पैसे नुसते म्हातारे होतात, खाणीत घातले तर त्यांना पोरंबाळं होतील, असं तो म्हणाला. हनुमान लबाड नव्हता. स्वतःच्या लग्नातली अंगठी विकून त्याने आधीच शेअर घेतले होते.

धोंडूबाईने बायकांना विचारलं. हिरा कसा असतो ते त्यांच्यातल्या एकीनेही पाहिलं नव्हतं. जमिनीत खणून काढतात म्हटल्यावर मात्र त्यांना ते पटलं. कंद जमिनीतच असतो, आणि खणणाऱ्याला तो मिळतोच. बाळी नावाची एक विधवा होती. तिने आईकडून आलेले हातातले चांदीचे गोठ मोडून पैसे आणून दिले. सावळीने नवऱ्याला न सांगता वर्षभराच्या हिरड्याचे पैसे घातले. बाकीच्यांनी आपापल्या चिंध्या रिकाम्या केल्या आणि धोंडूबाईने खानावळीची शिल्लक टाकली. बँकेत खातं फक्त तिचं होतं आणि सही तिलाच येत होती, म्हणून सगळे शेअर तिच्या एकटीच्या नावावर आले. एकच सर्टिफिकेट, त्यावर एकच नाव.

वर्षभर भाव चढत होता. हनुमान पेढे घेऊन आला. मग खाणीला लागणारी जंगलखात्याची परवानगी अडकली, काम थांबलं, खड्ड्यात पाणी साचल्याचं कानावर आलं आणि भाव उतरत उतरत पार तळाला गेला. हनुमानची मोटारसायकल वैशाखऱ्याच्या रस्त्याला दिसेनाशी झाली. बायकांनी धोंडूबाईला एक शब्द ऐकवला नाही. पण तिच्याकडे पैसे ठेवायला कुणी थांबेना, आणि तीही त्यांच्याशी चार गोष्टी बोलायला बाहेर येईना. अशी सहा वर्षं गेली.

दोन हजार एक सालच्या उन्हाळ्यात तिला एक जाड लिफाफा आला. तो घेऊन ती मुरबाडला हनुमानच्या घरी गेली. त्याने वाचून समजावलं. एक मोठी कंपनी विंध्यमणी विकत घ्यायला निघाली होती आणि लहान शेअरवाल्यांना दर शेअरमागे अकरा रुपये द्यायला तयार होती. बाजारात तेव्हा सहासुद्धा मिळत नव्हते, पण बायकांनी घेतले होते तीसने. महिनाभरात सही करून कागद पाठवायचा, नाहीतर ठेवून घ्यायचा.

“तू काय करनार?” धोंडूबाईने विचारलं.

“मी विकनार हाय. पन मावशी, माझं ऐकू नका. माझं ऐकून तर तुमी इथवर आल्या.”

अर्ध्या बायकांचे विकता येतील का, तेही तिने विचारलं. एका सर्टिफिकेटची दोन करून घ्यायची तर ते आधी मुंबईला पाठवावं लागेल आणि परत येईस्तोवर मुदत संपून जाईल, असं तो म्हणाला. म्हणजे विकायचं तर सगळ्यांचं, ठेवायचं तरी सगळ्यांचं.

त्याच्या आठवडाभर आधी सावळीचा नवरा कमळू हिरडा झोडताना झाडावरून पडला होता. मांडीचं हाड मोडलं. सरकारी इस्पितळात ऑपरेशन फुकट होतं, पण हाडात घालायची सळई बाहेरून विकत आणावी लागणार होती. ती येईपर्यंत त्याच्या पायाला वजन बांधून त्याला खाटेवर ताणून ठेवलं होतं. हाड वेडंवाकडं जुळायला लागलं तर पाय कामातून जाईल, असं डॉक्टरने सांगितलं होतं.

धोंडूबाईने सगळ्यांना खानावळीत बोलावलं. दुपारची गिऱ्हाइकं निपटल्यावर बायका बाकड्यांवर न बसता खालीच बसल्या. तिने लिफाफ्यातली गोष्ट जशी कळली तशी सांगितली. मग बाळी बोलली.

“खान रिकामी हाय ना? मंग एवढा मोठा मानूस ती घ्यायला कशाला आला? त्याला काय तरी दिसलं असंल. आमच्या हातून अकराला घेनार आनि उद्या तिथून टोपलीनं हिरं काढनार.”

हे साऱ्यांना पटलं. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. सहा वर्षं मेलेली आशा त्यांच्या तोंडावर पुन्हा दिसायला लागली, आणि ते पाहून सावळी पुढे सरकली.

“तुमचं हिरं खानीतच हायत, त्यांना काय घाई नाय,” सावळी म्हणाली. “माझा मानूस खाटंवर हाय. त्याचा पाय वाट बघनार नाय गो.”

“तुझ्या मानसाच्या पायासाठी माझं गोठ गेलं म्हनू का मी?” बाळीने विचारलं. ती रागाने नव्हती बोलत. तिला पोरंबाळं नव्हती, दीर विचारत नव्हते, आणि हातपाय थकल्यावर खायला त्या कागदाशिवाय तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. तीसचे अकरा घेतले तर तिचं म्हातारपण तिथल्या तिथे आखडत होतं.

दोघींचंही खरं होतं, आणि धोंडूबाईला तेच सोसवेना. तिने हात वर करायला सांगितले. निम्म्या वर झाले, निम्म्या खाली राहिल्या. दुसऱ्या बैठकीला त्यातल्या दोघी फिरल्या, एक इकडून तिकडे, एक तिकडून इकडे. तिसऱ्या बैठकीला बायका भांडल्या. जुनी उणीदुणी निघाली, कुणाच्या बकरीने कुणाची नाचणी खाल्ली इथपर्यंत गाडी गेली. शेवटी त्या म्हणाल्या, नाव तुझं हाय, तूच ठरव. आणि उठून गेल्या.

ती इस्पितळात कमळूला भेटायला गेली. तो विकायला सांगेल आणि आपला गुंता सुटेल, असं तिला वाटलं असावं. कमळूचे गाल आत गेले होते. पायाला बांधलेलं वजन खाटेच्या टोकाला लोंबत होतं. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं.

“मावशी, बाळी हो म्हनत नाय तवर सही करू नको,” तो म्हणाला. “मला वाडीवरच राहायचं हाय. पाय बरा होऊन तिच्या दारावरून जायचं कसं?”

त्या दिवशी धोंडूबाई एसटीत बसून आली ती खानावळीत न जाता बाळीच्या झोपडीशी गेली. तिने हातापाया पडायचं बाकी ठेवलं नाही. तुझं म्हातारपण मी बघेन, माझ्या चुलीवर भाकरी आहे तोवर तुला उपाशी झोपू देणार नाही, असं सांगितलं. बाळीने एवढंच विचारलं, तू आधी मेलीस तर?

दोन दिवस तिने जेवण रांधलं खरं, पण गिऱ्हाइकांना मीठ जास्त लागलं, भात करपला. बाळी म्हणते ते खरं निघालं आणि उद्या खाण चालू झाली, तर सगळ्यांच्या डोळ्यांत ती आयुष्यभर चोर ठरणार होती. नाही विकलं तर कमळूच्या पायाकडे तिला बघवलं नसतं. कुणीतरी वडीलधारं येऊन आपल्या हातून हा कागद काढून घ्यावा, असं तिला वाटत राहिलं. तसं कुणी आलं नाही. मुदत संपत आली तेव्हा तिने सही केली आणि जवळच्या टोकावड्याच्या पोस्टातून सर्टिफिकेट रजिस्टरने मुंबईला धाडलं. परत येऊन ते बाळीला स्वतःच्या तोंडाने सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून तिला कळू नये एवढंच तिच्या हातात होतं.

दुसऱ्या दिवसापासून बाळी आपली पाटी घेऊन रस्त्यापलीकडे पंढरी नावाच्या माणसाने काढलेल्या नव्या धाब्यासमोर बसायला लागली.

यापुढची गोष्ट धोंडूबाईला ठाऊक असती तर तिने काय केलं असतं कुणास ठाऊक. कागद पोचला की पैसे येतील अशी तिची समजूत होती. हनुमानने सांगितलं, ऑफर बंद झाल्यावर महिनाभराने चेक निघतो. डॉक्टर तर आठ दिवसही थांबायला तयार नव्हता. सावळी खानावळीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

धोंडूबाई तशीच रस्ता ओलांडून पंढरीकडे गेली. त्याचा तिच्या जागेवर केव्हापासून डोळा होता, कारण घाटात जाणारी गाडी तिच्याच दारात आधी थांबे. तिने खानावळ, बाकडी, भांडी आणि रस्त्यालगतची ती जागा त्याला देऊन टाकली. पंढरीने फार घासाघीस केली नाही, पण जास्तही दिले नाहीत. सळई आली. कमळूचं ऑपरेशन झालं. तोवर बराच उशीर झाला होता. पाय वाचला, पण बोटभर आखूड राहिला आणि झाडावर चढणं कायमचं बंद झालं.

आषाढात मुंबईचा लिफाफा आला. ऑफरला इतक्या लोकांनी शेअर दिले होते की कंपनीने प्रत्येकाचे थोडे थोडेच घेतले. धोंडूबाईचे जेमतेम तिसरा हिस्सा घेतले होते. तेवढ्याचा चेक होता, आणि उरलेल्या शेअरचं नवं सर्टिफिकेट परत पाठवलं होतं. ज्या कागदावरून वाडी दुभंगली, तो न विचारता असा तोडून पाठवला होता. हनुमानने वाचून दाखवलं तेव्हा धोंडूबाई त्याच्या ओटीवर बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. नवरा गेला तेव्हाही ती लोकांसमोर रडली नव्हती.

चेक वटल्यावर तिने बायकांना बोलावून जिचे तिचे पैसे हातावर ठेवले. सावळीने आपले आणि आणखी दोघींनी आपले परत तिच्या ओटीत टाकले. त्यातून खानावळ काही सुटणार नव्हती. बाळीने पैशांना हात लावला नाही.

“मला तो कागद दे,” ती म्हणाली.

कागद सगळ्यांचा होता. पण कुणी नाही म्हटलं नाही. बाळीने तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेला.

पुढे कंपनीचं नाव बदललं. मग तिचे शेअर बाजारातून काढले गेले, म्हणजे विकायचे म्हटले तरी गिऱ्हाईक राहिलं नाही. खाण सुरू झाल्याचं कुणी ऐकलं नाही. बंदच राहिली असंही खात्रीने कुणी सांगू शकलं नाही, आणि बाळीला तेवढं पुरत होतं. पंढरीने आपला धाबा धोंडूबाईच्या जागेत हलवला आणि ती तिथेच भाकऱ्या भाजायला लागली. जागा तीच, चूल तीच, फक्त गल्ल्यावर पंढरी. जुने ड्रायव्हर तिला आत चुलीपाशी बघून संकोचायचे आणि चहा घेऊन निघून जायचे. दोन हजार पाचच्या सुमारास बचत गटाच्या बाई आल्या आणि तिला अध्यक्ष व्हा म्हणाल्या. तिने नाही म्हटलं. दुसऱ्याचे पैसे पुन्हा हातात घ्यायचे नाहीत, असं तिने ठरवलं होतं.

त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात बाळी हिरड्याचं ओझं घेऊन धाब्याच्या मागच्या अंगाला आली. पाच वर्षांत ती तिथे आली नव्हती. तिने पाणी मागितलं. धोंडूबाईने तांब्या दिला आणि भाजलेली भाकरी पुढे केली. बाळी उकिडवी बसून खाऊ लागली.

“बाळे, आज तसाच दिवस आला तरी मी सहीच करीन,” धोंडूबाई म्हणाली. “खोटं कशाला बोलू?”

“ठाऊक हाय,” बाळी म्हणाली. “आनि मी नायच म्हनंन.”

तिने उरलेली भाकरी पदरात बांधली, पाण्याचा हात तोंडावरून फिरवला आणि ओझं डोक्यावर चढवायला धोंडूबाईला हात लावायला सांगितलं.