नाक बंद, टाकी चालू

अत्तराच्या कारखान्यात वासच न येणारी बाई कामाला लागली, ही बातमी पहिल्याच दिवशी फाटकापासून गोदामापर्यंत पोचली. कॉलेजात असताना तिला ताप आला होता. तो गेला, पण जाताना नाकातला वास घेऊन गेला. औषधं झाली, नवससुद्धा बोलून झाले, वास काही परत आला नाही. तिनं त्याचं रडगाणं कधी गायलं नाही. मुलाखतीत मालकीणबाईंनी विचारलं, "इथे कसं निभावणार तुम्ही?" तर ही म्हणते, "मी वास घ्यायला नाही, वास बनवायला आलेय. माझं शिक्षण यीस्टचं आहे, नाकाचं नाही." मालकीणबाई हसल्या आणि नोकरी देऊन मोकळ्या झाल्या.

हसले नाहीत ते नाकवाले काका. कारखान्यातले सगळ्यात जुने गंधी. बाटलीचं बूच उघडायचं, एकदा हुंगायचं आणि निकाल द्यायचा. तो चुकल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं. उगाच कुणाला नाकवाले म्हणत नाहीत.

"आंधळ्याला कुणी चित्रं पारखायला बसवतं का?" ते म्हणाले.

"पारखायला तुम्ही आहात की, काका. मी रंग कालवते."

घरी सासूबाईंचं वेगळंच. दूध उतू जाऊन करपलं, घरभर करपट वास सुटला, तरी सून शेजारी उभी राहून भाजी चिरतेय, असं दोनचारदा झालं होतं. "दूध करपलेलं कळत नाही, आणि गुलाब बनवते म्हणे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वाईट मनानं नव्हे; पण आल्यागेल्यासमोर म्हणत, आणि ते तिला झोंबायचं.

गुलाब बनवते हे मात्र खरं होतं. या कारखान्यात तो वास फुलांतून काढत नसत. पोलादी टाकीत साखरेचं पाणी, त्यात यीस्ट, आणि यीस्टला हवं ते खाणं दिलं की ते जीव गुलाबाचा वास तयार करत. गोम एवढीच की तो वास त्यांनाच विष. जरा साठला की यीस्ट माना टाकायचं आणि चालती टाकी उपसावी लागायची. आजवर असंच चाललं होतं, म्हणून पुढेही चालणार होतं. तिला ते पटेना. स्वतःच्याच कमाईत बुडून मरायचं, हा कुठला न्याय?

तिनं रेझिनचे मणी मागवले. मोहरीएवढे, अंगभर बारीक छिद्रं असलेले. ते यीस्टच्या वाटेला जात नाहीत. पाण्यातला वास तेवढा अंगाला चिकटवून घेतात आणि पुढे स्पिरिटनं धुतले की सोडून देतात. पहिल्या खेपेला तिनं मणी सरळ टाकीत ओतले. ढवळणीच्या पात्यांनी त्यांचं पीठ केलं, गाळण्या तुंबल्या आणि सगळा माल गटारात गेला. तेव्हापासून कारखान्यात तिचं नाव पडलं मणीवाली.

"नाव पडलं ना? आता मणी चालवूनच दाखवते," ती म्हणाली.

दुसऱ्या खेपेला तिनं मणी टाकीबाहेर, एका उभ्या पोलादी नळकांड्यात भरले. टाकीतलं पाणी पंपानं खालून वर चढवायचं, म्हणजे मणी सुटे तरंगतात आणि यीस्ट त्यांच्यामधून निसटून सुखरूप टाकीत परत येतं. मालकीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "ही शेवटची संधी. फसलं तर मणी भंगारात आणि तुम्ही लेबलं चिकटवायला."

"चालेल," ती म्हणाली. चालणार अजिबात नव्हतं. त्या टाकीवर तिचा जीव होता.

टाकी सुरू झाली. एरवी गुलाबाचा वास दाटायला लागायचा, त्या सुमाराला नाकवाले काका आले. झाकणाजवळ वाकले, पुन्हा वाकले, आणि मालकीणबाईंना बोलावून घेतलं.

"मेली टाकी. गुलाबाचा मागमूस नाही, नुसता आंबट पिठाचा वास येतोय. काहीतरी घुसलंय आत. आत्ताच्या आत्ता गटारात सोडा, नाहीतर शेजारच्या टाक्या नासतील."

एक कामगार टाकी रिकामी करायला तळाच्या व्हॉल्व्हकडे निघालासुद्धा. ती त्याच्या आधी पोचली. व्हॉल्व्हचं चाक दांड्यावरून उपसलं आणि एप्रनच्या खिशात घातलं.

"काका, वास गेलेला नाही. मण्यांत गेलाय. तेच तर त्यांचं काम!"

"तुला कसं कळलं? तुला येतो वास?"

कुणीतरी फिसकन हसलं. तिच्या कानशिलांत आग उठली.

"नाही येत. म्हणून हात लावते." तिनं टाकीला गार ठेवणाऱ्या पाण्याच्या नळीवर तळवा टेकला. "गार पाणी जातंय आणि कोमट होऊन बाहेर येतंय. आतलं कुणीतरी खातंय, काम करतंय."

"जंतू शिरले तरी कोमटच होईल," काका म्हणाले, आणि ते बरोबर होतं.

"सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलंय. गुबगुबीत यीस्ट आहे, परकं कुणी नाही. उद्या सकाळी मणी धुऊ. तोवर चाक मिळणार नाही."

मालकीणबाईंनी दोघांकडे पाहिलं. "उद्या सकाळी," त्या म्हणाल्या.

चाक पिशवीत घालून ती घरी आली. सासूबाईंनी पिशवी उचकून ते बाहेर काढलं. "हे काय आणलंस?"

"माझी नोकरी," ती म्हणाली, आणि चाक उशाशी घेऊन झोपली. झोप कसली, नुसती कूस बदलत होती. मणी बिघडले असतील तर? काकांचं नाक आजवर चुकलं नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं.

सकाळी नळकांडं टाकीपासून तोडून त्यात स्पिरिट सोडलं. खालच्या तोटीतून पहिली धार बाटलीत पडली आणि ती बाटलीकडे नव्हे, माणसांकडे पाहत राहिली. तिला दुसरा मार्गच नव्हता. आधी व्हॉल्व्हवाल्यानं मान वर केली. मालकीणबाईंनी डोळे मिटले. काकांनी बाटली हातात घेतली, हुंगली, आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

"एवढा दाट गुलाब मी कधी हुंगला नव्हता," ते म्हणाले. मग हळूच, "पोरी, तुला यातलं काहीच येत नाही?"

"काही नाही. आणि कीव करू नका. मला आला असता, तर काल तुमच्याबरोबर मीही टाकी सोडली असती."

काका टाकीजवळ गेले आणि नळीवर तळवा ठेवून उभे राहिले. नळी अजून कोमट होती. तिनं चाक जागेवर बसवलं, पण फिरवलं नाही.

संध्याकाळी तिनं एप्रन दारामागच्या खुंटीला अडकवला. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. एप्रनपाशी थबकल्या, बाही नाकाशी धरली, डोळे मिटले आणि तशाच उभ्या राहिल्या.

तिला त्यांच्या खांद्यावरून धूर दिसला. धावत आत जाऊन तिनं गॅस बंद केला. पातेल्याच्या बुडाशी दूध काळंठिक्कर पडलं होतं.

ती दारात आली, पदरानं हात पुसला आणि विचारलं, "सासूबाई, दूध करपलं. वास नाही आला?"